कासवाची बरणी

घुग्घुस, १२ मार्च

रंजीताबाईला दीपालीचा जोहार.

तुमच्या गावात मोबाइलचा टॉवर उभा राहून दोन वर्षं होत आली, पण त्याला अजून वाचा फुटली नाही. म्हणून पुन्हा कागद घेऊन बसले. आश्रमशाळेत असताना तू मला मारून मुटकून अक्षर वळणदार करायला लावलंस, ते असं कामी येतं आहे.

आलापल्लीच्या बसमध्ये एक खोका ठेवला आहे. पोचूभाऊच्या दुकानात उतरेल. बाजाराच्या दिवशी तो गावाकडे आणेल तेव्हा त्याला म्हणावं, गाडी जरा सांभाळून चालव, आत फुटणारी वस्तू आहे. तुझ्यासाठी चिनी मातीची बरणी पाठवली आहे, पण आईच्या लोणच्याच्या बरणीसारखी मळकट नाही. मोठी, चकचकीत आणि खाली तोटी असलेली. आंबील भरून ठेवायची आणि पेला खाली धरायचा.

इथे बसस्टँडजवळ तंबू ठोकून बाहेरच्या देशातल्या मालाचा सेल लागला होता. खेळणी, दिवे, कपबशा, सगळं इतकं स्वस्त की बाया एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मी निघालेच होते, तेवढ्यात या बरणीच्या पोटावर हिरवं कासव दिसलं आणि तुझी सासू डोळ्यासमोर आली. तिला हे वाचून दाखवताना नीट सांग, मी तिला कासव म्हटलेलं नाही. तुझ्या लग्नात वाटेत कासव आडवं आलं तेव्हा तिने अख्खी वरात थांबवून त्याला हळद लावली होती, ते मी विसरले नाही. आपल्या माहेरी असलं काही नव्हतं. तुम्ही चार देव पुजणारे, कासव तुमच्या कुळाचं, ते तुमच्या घरी जाऊ दे, असं मनात आलं आणि घेतली.

माझ्यासाठी पण एक घेतली, फुलांची. ती शोकेसमध्ये ठेवली आहे. सुनिल म्हणतात, वापरायला काढशील तर फोडशील.

तुझ्या पायलला पापा. तो आंबिलीचा काळा तुंबा, भोपळा कोरून केलेला, आता खुंटीला टांग बाई, त्याचा वास माझ्या नाकात अजून आहे.

तुझी दीपाली


२६ मार्च

दीपाली,

बरणी आली, आणि आल्या दिवसापासून घरात माझी किंमत कमी झाली आहे. माझ्या सासूने, म्हणजे सुकरीबाईने, खोका उघडला आणि कासव पाहून डोक्यावर पदर घेतला. आधी हळद लावली, मग तांदूळ ठेवले, मग मला म्हणाली, "इतक्या वर्साची सून तू, पन घरात देव आनला तुह्या बहिनीनं." म्हणजे तू पाहुणी असून जिंकलीस.

आता सगळी आंबील त्या बरणीत आंबते. मोहफुलं वेचायचे दिवस आहेत. पहाटे झाडाखाली जायचं, टोपल्या भरेपर्यंत ऊन डोक्यावर येतं, घरी आल्यावर प्रत्येक जण तोटीखाली पेला धरतो. विनोद तर तीन-तीन पेले पितात. पायल पाच वर्षांची होऊन अजून स्वतः जेवत नव्हती, ती आता पाटावर चढून आपल्या हाताने तोटी उघडते.

आणि एक नवल सांगते. या बरणीतली आंबील गोड लागते. मी गूळ घालत नाही, ज्वारीची आंबील ती, दोन दिवसांची झाली तरी तिचा आंबटपणा मऊ होऊन जातो. सासूने ऐकल्यावर म्हटलं, "कासवाची कृपा हाय." ती स्वतः मात्र एक घोट पीत नाही. म्हणते, देवाच्या पोटातलं म्हातारीने काय प्यायचं, ते लेकरांसाठी. ती आपला काळा तुंबा घेऊनच जंगलात जाते. तेव्हा तुंबा काही खुंटीला लागला नाही, माफ कर.

तू कधी येतेस? तुझ्या पत्रात तुझ्याबद्दल एक अक्षर नसतं.

रंजीता


घुग्घुस, ८ एप्रिल

बाई,

माझ्याबद्दल काय लिहू? धूळ पुसते. ट्रक जातो, पुन्हा पुसते. सुनिलची रात्रपाळी असली की दिवसभर घरात चूप राहावं लागतं, ती शिक्षा वेगळीच.

उन्हाळ्यामुळे की काय, आंबट खावंसं फार वाटतं. चिंच, कैरी, समोर येईल ते. शेजारच्या नीलाबाई हसतात. हसू दे.

कासवाच्या कृपेचं वाचून मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या सासूला माझं काही आवडलं. आत्ता येणं होणार नाही. का ते पुढे सांगेन.

दीपाली


२९ एप्रिल

दीपाली,

पायलला बरं नाही. पोटात कळ येते, मग ती पाय पोटाशी घेऊन पडून राहते. संडासला होत नाही. चेहरा पांढरा पडला आहे. खेळायला बोलावलं तर चिडते, परवा मला चावली. ही पोरगी कधी कुणाला चावली नव्हती.

सगळ्यांच्या तोंडी एकच आहे, सिकल, रक्तातून येणारा तो आजार. आपला भाऊ बिरजू असाच पोट धरून रडायचा, आठवतं ना? आई त्याला पाठीवर घेऊन आलापल्लीपर्यंत चालत गेली होती. तो गेला त्या वयापर्यंत पायलला पोचायला अजून किती वर्षं आहेत, हे मी मोजायला लागते आणि मग उठून काहीतरी काम काढते. आपल्या रक्तातलंच माझ्या लेकीला दिलं असेल तर मी कुणाला काय बोलू?

विनोदचं पण पोट दुखतं, पण ते म्हणतात तेंदूपत्त्याच्या तयारीची दगदग आहे. पुजारी येऊन गेला. सासू रोज सकाळी बरणीतला पहिला पेला कासवाला दाखवून पायलला पाजते. दुसरं काही तिच्या पोटात ठरत नाही, तेवढी आंबील मात्र ती मागून पिते. तेवढाच आधार आहे.

रंजीता


घुग्घुस, ५ मे

बाई,

पत्र मिळताच लिहायला बसले. पुजाऱ्याला काय द्यायचं ते द्या, पण आधी आलापल्लीच्या दवाखान्यात रक्त तपासून घ्या. बिरजूच्या वेळी आपल्याला कळत नव्हतं, आता कळतं. सिकल असलं तरी आता गोळ्या आहेत, मुलं जगतात.

आंबील देत राहा, तीच ताकद देते. मी पण हल्ली रोज करते. दुसरं काही नको वाटतं. पण माझी आंबील आंबतच नाही, कितीही ठेवली तरी गोड. घुग्घुसच्या पाण्याचाच गुण असेल. वरून चिंच कोळून टाकते, तेव्हा कुठे जिभेला बरं वाटतं.

दीपाली


चंद्रपूर, २१ मे

दीपाली,

आलापल्लीला रक्त तपासलं. पायलचं सिकल अर्धंच निघालं, माझ्यासारखं. अर्ध्याने असा त्रास होत नाही म्हणाले. मी आनंदाने बाकावर बसून रडले. घरी आलो. आठवड्याने अंगणात खेळता खेळता ती ताठ झाली, डोळे फिरले, तोंडातून फेस. विनोदने तिला उचललं आणि आम्ही तसेच निघालो. इथे मोठ्या दवाखान्यात आणून आज चार दिवस झाले.

तिला झटके येतात. शुद्धीवर येते तेव्हा माझ्याकडे पाहते, पण बोलत नाही. पाणी म्हणत नाही, माय म्हणत नाही. डॉक्टर बरंच काही विचारतात, डोक्याला मार लागला का, काही खाल्लं का. त्यांनाही अजून कळलेलं नाही.

घुग्घुसहून इथे यायला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. सुनिल तिसऱ्या दिवशी एकटे आले, म्हणाले, तिला यायला जमत नाही. मी त्यांना कारण विचारलं नाही. तुझे फोन विनोदच्या मोबाइलवर येतात, मी उचलत नाही. फोनवर मी काहीतरी बोलून बसेन. कागदावर निदान खोडता येतं. हे मी खोडलेलं नाही.

रंजीता


घुग्घुस, २२ मे

बाई,

माझा पाय मुरगळला आहे. डॉक्टरबाईंनी पलंगावरून उतरू नको म्हटलं आहे. तू रागव, तुझा हक्क आहे. बरी झाले की सगळं सांगेन.

पायलला दवाखान्याचं जेवण जात नाही असं सुनिल म्हणाले. तिची आवडती आंबील पलंगावर बसून नीलाबाईंकडून करवून घेतली आहे. सुनिल रोज ड्युटी संपली की बाटली आणून देतील. माझ्या हातून एवढंच होतं आहे, एवढं तरी घे.

दीपाली


चंद्रपूर, १ जून

दीपाली,

हे पत्र सुनिलच्या हाती देते आहे. तुझ्या हातात पडल्याबरोबर वाच, उभी असशील तर बस, आणि आज घरात काही खाल्लं-प्यायलं नसशील तर देव पावला.

पायलच्या रक्तात शिसं आहे. जाळ्याला वजन म्हणून लावतात ते शिसं. रक्त बाहेर पाठवलं होतं, त्याचा निकाल आला तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः खाटेजवळ आले आणि विचारायला लागले. घराला रंग दिला का? जुन्या बॅटऱ्या फोडता का? काजळ कुठलं? मी नाही नाही म्हणत होते. मग म्हणाले, रोज काय खाते? सासू पुढे झाली. तिला वाटलं, आता तरी डॉक्टरला चांगलं काही सांगावं. म्हणाली, "आमच्या घरी देव हाय सायेब. बरनीवर बसला हाय. त्याच्या पोटात आंबील ठेवली का गोड होते. रोज पयला पेला म्या माह्या हातानं पाजतो पोरीले."

डॉक्टर लिहीत होते, ते थांबले. म्हणाले, "आजी, आंबील गोड काऊन होईल?"

सासू म्हणाली, "कासवाची कृपा."

त्यांनी बरणी मागवली. विनोद रातोरात जाऊन घेऊन आले. तपासायला नेली आणि दोन दिवसांनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्या चकाकीत शिसं आहे, दीपाली. आतूनसुद्धा. पाणी ठेवलं तर थोडं उतरतं, आंबट ठेवलं तर भसाभस उतरतं. आणि त्याची चव गोड असते. कृपा म्हणून आम्ही जे चाखत होतो ते शिसं होतं. डॉक्टर बोलत होते आणि मला फक्त सासूचा हात दिसत होता, पेला धरलेला. ती भिंतीला टेकून खाली बसली, ती रात्रीपर्यंत तशीच होती. विनोदच्या रक्तातही आहे, माझ्याही. एकट्या म्हातारीच्या रक्तात नावालाही नाही.

यापुढचं नीट वाच. शिसं बाहेर काढायचं औषध सुरू झालं, पायल डोळे उघडून पाहायला लागली होती. मग पुन्हा झटका आला. रक्त काढलं, तर शिसं कमी व्हायच्या जागी वाढलेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले, "बरणी इथी पडून हाय, मग पोरीच्या पोटात जाऊन काय राह्यलं?" मी शपथ घेतली की त्या बरणीतलं काही नाही. तेवढ्यात सुनिल दारात उभे राहिले, तुझी बाटली घेऊन.

मी झाकण उघडून तोंडाला लावली. गोड.

तुझी बरणी शोकेसमध्ये नाही ना, दीपाली? तू काय पितेस? कधीपासून पितेस? खरं लिही. आणि पायाचं खोटं बोलू नकोस, सुनिलला मी डोळ्यात पाहून विचारलं, ते रडायला लागले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

रंजीता


घुग्घुस, ९ जून

बाई,

पाय मुरगळला नाही. मला पाचवा महिना आहे.

दोनदा तुला आधी सांगितलं आणि दोनदा पदरात काही पडलं नाही. म्हणून या वेळी सासरच्या मोठ्या बायांनी शपथ घातली होती, पोट दिसेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. मार्चमध्ये बरणी घेतली तेव्हाच दिवस राहिले होते. डॉक्टरबाईंनी पलंगावरून उठायचं नाही म्हटलं होतं. पायल अर्ध्या तासावर झटके खात होती आणि मी इथे छताकडे पाहत पडले होते, बाटलीत आंबील भरायला लावत होते. मी तिला बरं करायला निघाले होते.

बरणी शोकेसमधून एप्रिलमध्येच काढली. डोहाळे आंबटाचे लागले होते. आंबील गोड लागली की मी चिंच वाढवायची. चिंच टाकली की अजून गोड. नीलाबाई म्हणायच्या, "मुलगी होऊन राह्यली तुले, म्हणून सगळं गोड लागते." मला ते इतकं आवडलं की मी दोन वेळा प्यायला लागले.

तुझं पत्र वाचलं त्या संध्याकाळीच रक्त दिलं. निकाल आला. पायलपेक्षा कमी आहे, पण आहे, आणि बरंच आहे. डॉक्टरबाईंनी सांगितलं, आईच्या रक्तात असतं ते बाळाकडे जातं. माझी मागची दोन गेली ती कशाने गेली ते माहीत नाही, पण हे राहिलं तर काय होऊन राहील, ते जन्मल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. काल हललं. मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरून पोटावर हात ठेवून बसले.

सुनिल तंबूवाल्याला शोधायला गेले. इथून उठून तो गोंडपिपरीला गेला होता. तिथे बरण्यांची रास तशीच. एक बाई लोणच्यासाठी दोन निवडत होती, आपल्या आईसारखी बोटाने वाजवून पाहत होती. सुनिलने तिच्या हातातून ओढून घेतली तर लोक त्यांनाच धरायला आले. तंबूवाला म्हणाला, "शोभेची हाय म्हणून खोक्यावर लिहून होतं ना भाऊ. खोके आम्ही देतच नाई, जागा खातात." सुनिलने तिथूनच पायलच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी वर कळवलं, माणसं आली, तंबू बंद झाला. पण घुग्घुसमध्ये किती घरांत त्या गेल्या, ते कोण सांगणार? आमच्या गल्लीतल्या तीन मी नीलाबाईंकडून परत आणवल्या. चौथीची बाई देत नाही. म्हणते, माझी फुटली नाही, गळत नाही, मग खराब कशी?

मी कासव पाहून घेतली, बाई. कासव नसतं तर मी पुढे निघून गेले असते. हे मनातून जात नाही.

दीपाली


२४ जून

दीपाली,

आम्ही परवा घरी आलो. झटके थांबले आहेत. औषध पुन्हा द्यावं लागणार आहे, महिन्याने जायचं आहे. पायल चालते, हात धरला की येते. कालपर्यंत बोलत नव्हती. डोक्यातलं काय गेलं आणि काय राहिलं, ते शाळेत घातल्यावर कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मी मान हलवली. काय करणार?

तुझं पत्र मी सासूला वाचून दाखवलं, सगळं. कासवाचं शेवटचं वाक्य आलं तेव्हा ती म्हणाली, "तिनं पाठवलं. पाजलं म्या. तिले लिहून दे, हे तिच्या डोक्यावर नाई." मी लिहिते आहे. मलाही तेच म्हणायचं आहे, फक्त मला तिच्याइतकं लवकर म्हणता आलं नाही. दवाखान्यात मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं ते तुला न कळलेलं बरं.

बरणी डॉक्टरांनी ठेवून घेतली. घरी आल्यावर म्हातारीने सगळ्यांना नदीवर नेलं, अंघोळ करायला लावली. मग चुलीतला विस्तव विझवला आणि घरातलं एकूण एक मडकं बाहेर टाकलं. कुळाचं कासव मेलेलं दिसलं की यांच्यात असं सुतक धरतात. गावातल्यांनी विचारलं, कोण गेलं? ती म्हणाली, "आमच्या घरचं कासव मेलं."

मी शुक्रवारी येते आहे. सुनिलला बसस्टँडवर थांबायला सांग. तू बाळंत होईपर्यंत मी राहीन, पायललाही आणते, इथून दवाखाना लांब पडतो. सासूने तिचा काळा तुंबा तुझ्यासाठी धुऊन ठेवला आहे. वास येईल. नाक दाबून पी.

काल त्याच तुंब्यातली आंबील मी पायलला पेल्यात दिली. तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा. तिने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्याकडे परत केला. मग कोपऱ्यात जिथे बरणी असायची तिथे जाऊन पाटावर चढली, भिंतीवर हात फिरवला. आणि बोलली. इतक्या दिवसांनी माझी लेक बोलली, सासू चुलीपासून धावत आली, विनोद बाहेरून आले, सगळे ऐकायला थांबले.

"गोडवाली दे," ती म्हणाली.

रंजीता